साथीला झेंडा नसतो



नोव्हेंबर 2021 च्या अखेरीस स्पेनमधल्या ‘ला त्रिबुना दे अल्बासेते’ या दैनिकात एक व्यंगचित्र आलं. समुद्रात एक बोट, तिच्यावर दक्षिण आफ्रिकेचा झेंडा, बोटीत काळ्या रंगाचे, कुरळ्या केसांचे विषाणू आणि समोर युरोपचा किनारा. टीकेची झोड उठली आणि दैनिकाला माफी मागावी लागली.

ज्या देशाचा झेंडा त्या बोटीवर चढवला, त्याने काय केलं होतं? तिथल्या शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार हुडकला आणि 24 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवला. लगेच अनेक देशांनी तिथली विमानं बंद केली. पुढे नेदरलँड्समध्ये 19 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही तोच विषाणू आढळला. म्हणजे ही बातमी जगाला कळण्याआधीच तो युरोपात पोचला होता.

स्पेनने हेच दुःख 1918 मध्ये भोगलं होतं. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांनी आपल्याकडची इन्फ्लुएंझाची साथ दडवली. स्पेन तटस्थ होता. तिथल्या वृत्तपत्रांनी साथीच्या बातम्या उघडपणे छापल्या, राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडल्याचंही छापलं. साथ मात्र जगभर स्पेनच्या नावावर जमा झाली, ती आजतागायत.

बातमीतला आकडा तपासता येतो; रूपक न तपासताच मनात घर करतं. विषाणूने ‘आक्रमण’ केलं, असं लिहिलं की शत्रू शोधला जातो आणि शत्रूला कुणाचा तरी चेहरा चिकटवला जातो. 2021 मध्ये कोरोनाच्या डेल्टा प्रकाराला ‘भारतीय विषाणू’ म्हटलं गेलं, तेव्हा आपल्याला ते झोंबलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्यांना आपणच कित्येक ठिकाणी वेशीवर अडवलं होतं. तेही आपल्याला माणसं न वाटता साथच वाटली होती.

यात नुसत्या बदनामीचा प्रश्न नाही. खरं सांगणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर उद्या एखादा देश साथ लपवेल आणि त्याची किंमत सगळं जग मोजेल.

म्हणून बातमी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे : रोग कुठे आढळला, कधी आढळला, किती पसरला, हे स्पष्ट लिहा, त्याला कुणाचा झेंडा देऊ नका. आणि श्रोतेहो, असं चित्र किंवा मथळा तुमच्यापर्यंत आला, तर तो पुढे पाठवू नका.