सहलीची वही

(घाटनांदूर येथे पिंजारी-नदाफ जमातीच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जमातीचे सदर साहेब, बुजुर्ग मंडळी, बाहेरगावाहून आलेले पाहुणे आणि कनातीच्या पलीकडे बसलेल्या माझ्या आया-बहिणींनो,

मला वीस मिनिटे बोलायला सांगितले आहे. देग उतरली आहे, वास इथपर्यंत येतो आहे, म्हणून पंधरा मिनिटांतच आटोपते.

विषय दिला आहे 'जमातीचे उपक्रम'. अहवालात शिक्षण मदत आहे, सामुदायिक विवाह आहे, कब्रस्तानचे कुंपण आहे. त्या सगळ्यावर बोलणारे इथे बरेच आहेत. मी अहवालातली शेवटची ओळ उचलते. 'दरवर्षीप्रमाणे सहल काढण्यात आली.' एवढीच ती ओळ. कुणी म्हणेल, सहलीवर काय बोलायचे? बस ठरवायची, डबे घ्यायचे, जाऊन यायचे. पण मला वाटते, जमात कशी आहे हे तिच्या ठरावांपेक्षा तिच्या सहलीत जास्त दिसते. बसमध्ये कोण बसले, कोण राहिले, पुढच्या सीटवर कोण आणि मागे कोण, हे बघितले की सगळे कळते.

आधी जुनी गोष्ट सांगते. माझ्या लहानपणी सहल हा शब्द नव्हता. होता तो उरूस. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरायचा. आपल्या गावाला रेल्वे आहे, परळीला गाडी बदलून परभणी गाठता येते. थंडीचा हंगाम संपत आलेला असायचा, गाद्या-रजयांचे काम ओसरलेले असायचे. जमातीची माणसे पिंजण खुंटीला टांगून दोन दिवस उरसाला जायची. तिथे गावोगावचे पिंजारी भेटायचे. सोयरिकी तिथे जुळायच्या. कापसाचा भाव कळायचा, कुणाच्या पोराला कुणाकडे काम शिकायला ठेवायचे ते ठरायचे, दोन भावांचे भांडण तिसरा बसून मिटवायचा. ती मौज होती आणि जमातीचे कामकाजही होते.

आणि अम्मा? अम्मा आदल्या रात्री ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची. अब्बा परत येताना रेवड्यांचा पुडा आणायचे. आमच्या घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर. इंजिनाची शिटी ऐकून ती चूल पेटवायची. पण तिने सांगितलेले मला आठवते, ती गाडीत तीनदाच बसली. एकदा लग्न होऊन आली तेव्हा, एकदा माहेरच्या मय्यतीला आणि एकदा दवाखान्यासाठी. मी एकदा विचारले, अम्मा, तू का नाही जात? म्हणाली, "हमें कौन पूछा?"

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या काळी सगळीकडे तसेच होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला धंदा एकट्या पुरुषाचा कधीच नव्हता. अब्बा पिंजणाच्या तातीवर मोगरी मारायचे, कापूस फुलायचा. खोळ शिवायची अम्मा. कापूस भरून झाला की दाभण घेऊन टाके घालायची अम्मा. जुन्या गादीतला काळा, गाठी झालेला कापूस उपसून उन्हात पसरायची तीही अम्माच. तिच्या छातीत कापसाची धूळ अब्बांइतकीच गेली. गादी दोघांची होती, उरूस मात्र एकाचा.

आता धंदा गेला. आधी विजेवर चालणारे यंत्र आले, मग फोम आला. मघाशी मी सहज विचारले, पिंजण चालवता येणाऱ्यांनी हात वर करा. चार हात वर आले, चारही पांढऱ्या दाढीचे. मग प्रश्न असा आहे की, धंदा नसेल तर धंद्याची जमात कशाला हवी?

या प्रश्नाला आपल्याहून जुन्या लोकांनी काय उत्तर दिले ते बघू. लंडन शहरात व्यवसायांच्या शेकडो वर्षे जुन्या संघटना आहेत. त्यांना लिव्हरी कंपनी म्हणतात. लिव्हरी म्हणजे त्या संघाचा ठरलेला पोशाख. आज अशा एकशे दहाहून जास्त कंपन्या आहेत. विणकरांच्या कंपनीला राजाची सनद मिळाली ती ११५५ साली. धनुष्य बनवणाऱ्यांची वेगळी कंपनी आहे, बाण बनवणाऱ्यांची वेगळी. आज लढाईसाठी धनुष्य कोण बनवतो? तरी त्या कंपन्या आहेत. आपली कमान कापसाची, त्यांची बाणाची, दोघांचीही खुंटीला लागली.

ते लोक करतात काय? एक तर मौज करतात. लोकर व्यवसायाची कंपनी सप्टेंबरच्या अखेरीस लंडनमधल्या पुलावरून मेंढ्या हाकत नेते. जुन्या काळी शहराच्या मानकऱ्यांना टोल न देता जनावरे नेण्याचा हक्क होता, त्याची ही आठवण. कोंबड्या विकणाऱ्यांची जुनी कंपनी उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी धिरड्यासारखा पॅनकेक तव्यात उडवत पळण्याची शर्यत लावते. आपल्या रमजानआधी असे काही केले तर आपले बुजुर्ग काय म्हणतील ते मी सांगत नाही! नोव्हेंबरमध्ये नव्या लॉर्ड मेयरची मिरवणूक निघते, त्यात या कंपन्या आपापल्या झेंड्यांसह चालतात.

पण मौजेबरोबर दुसरेही करतात. १८७८ साली लंडन शहर आणि सोळा कंपन्यांनी मिळून कारागिरीचे शिक्षण देणारी आणि परीक्षा घेणारी संस्था काढली, ती आजही चालते. शाळा चालवतात, वृद्धांसाठी घरे बांधतात. धंदा गेला, पण एकत्र जेवायची सवय राहिली आणि त्या सवयीतून कामे उभी राहिली.

त्यांच्यातही मानपान होतेच. दोन कंपन्या होत्या, एक शिंपी-कापडवाल्यांची, दुसरी कातडे आणि फरच्या व्यापाऱ्यांची. मिरवणुकीत सहावा नंबर कुणाचा आणि सातवा कुणाचा, यावरून वाद विकोपाला गेला. १४८४ साली मेयरने निवाडा दिला. एका वर्षी ही कंपनी सहावी, पुढच्या वर्षी ती. आणि दोघांनी दरवर्षी एकमेकांना जेवायला बोलवायचे. पाचशे चाळीस वर्षे होऊन गेली, तो क्रम आजही आलटून-पालटून चालतो आणि जेवणही होते. आपल्याकडे वलीम्यात पहिल्या पंगतीला कोण बसले यावरून दोन घरांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. तिथे निवाडा करणाऱ्याने कुणाला मोठे ठरवले नाही, जेवायला बसवले.

लंडन लांब राहिले. आपल्या महाराष्ट्रातच बघा. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन संघांकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एका संघाकडे २०००, दुसऱ्याकडे १०००. दोन हजारांवर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी. हिशेब दगडात कोरून ठेवला आहे. व्याजाचा भाग आपण बाजूला ठेवू, तो आपल्याला चालत नाही. पण भरवसा बघा. राजाच्या जावयाने पैसा विणकरांच्या हाती दिला. कापसा-सुताच्या माणसांची जमात ही अशी चीज होती, की तिच्याकडे ठेव ठेवावी.

आपल्या काळातलेही एक उदाहरण आहे. मंडल आयोगानंतर आपल्याला ओबीसीचे दाखले मिळू लागले. ती मुस्लिम ओबीसींची चळवळ मराठवाड्यातूनच, जालन्याहून शब्बीर अन्सारी साहेबांनी उभी केली. पण घाटनांदूरच्या एखाद्या घरापर्यंत ती कशी आली? कुणाच्या तरी शादीत, उरसात, जेवणाच्या ताटावर बसून कुणीतरी सांगितले की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'पिंजारी' लिहिले असेल तर तो जपून ठेवा. अशा बैठकीतूनच आपली पोरे कॉलेजात गेली.

आणि इथे मी माझ्या मुद्द्यावर येते. त्या ताटावर जो नव्हता, त्याला ती खबर मिळाली नाही.

माझी एक खाला होती. खालू गेले तेव्हा तीन मुली पदरात होत्या. जमातीची एक वही असते, तुम्हाला ठाऊक आहे. वहीत घरप्रमुखाचे नाव असते. खालू गेले, वहीतले नाव काट मारून गेले. त्या जागी खालाचे नाव कुणी लिहिले नाही. मुद्दाम नव्हे, कुणाच्या मनातच आले नाही. सहलीचे, मेळाव्याचे निरोप वही बघून जातात. त्यामुळे निरोप बंद झाला. निरोप नाही म्हणून ती आली नाही, आली नाही म्हणून दिसली नाही, दिसली नाही म्हणून शिक्षण मदतीच्या वेळी कुणाला आठवली नाही. थोरली मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिची शाळा तिथेच थांबली. कुणी वाईट वागले नाही, सगळे सलाम-दुआ करत राहिले. नाव फक्त वहीत नव्हते.

लंडनच्या त्या संघांत जुन्या काळीसुद्धा कारागिराच्या विधवेला नवऱ्याचा धंदा पुढे चालवता येत असे, शिकाऊ मुले ठेवता येत असत. तरी बहुतेक कंपन्यांनी बायकांना बरोबरीचे सभासद करून घ्यायला विसावे शतक संपत आणले. लंडनची पहिली महिला लॉर्ड मेयर १९८३ साली झाली, पहिल्या मेयरनंतर जवळपास आठशे वर्षांनी. तेव्हा उशीर त्यांनाही झाला. आपण आठशे वर्षे थांबायचे कारण नाही.

कुराण शरीफात माणसांच्या कौमी आणि कबिले कशासाठी केले ते सांगितले आहे. एकमेकांची ओळख पटावी यासाठी. मला तर वाटते, सहलीचा मकसद याहून वेगळा नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. आज जेवणानंतर बैठक आहे, तिथे त्या मांडाव्यात ही विनंती.

पहिली. वहीत घरप्रमुखाबरोबर घरातल्या प्रत्येक प्रौढ बाईचे नाव लिहा. 'कुटुंबासह' असे नको, नाव लिहा. विधवा असेल, तलाक झालेली असेल, माहेरी राहत असेल, तिची स्वतंत्र ओळ असू द्या.

दुसरी. सहलीची तारीख सगळ्यांना विचारून ठरवा. आपल्यातली काही घरे ऊसतोडीला जातात. आपण डिसेंबरात सहल काढतो, तेव्हा ती कारखान्यावर असतात. त्यांना आपण दरवर्षी न बोलावताच वगळतो.

तिसरी. वर्गणी सगळ्यांची सारखी ठेवा. ज्याला जमत नाही त्याची जमातीने भरावी आणि त्याचे नाव माइकवर वाचू नये. बसवर देणगीदाराचा फलकही नको.

चौथी. एक वर्ष आपण बागवान, तांबोळी, मणियार, शिकलगार जमातींना बोलवू, पुढच्या वर्षी ते आपल्याला बोलावतील. गावातले सुतार, कुंभार, शिंपी यांनाही बोलवू. आपण तर सगळ्यांच्याच घरच्या गाद्या भरल्या आहेत.

जागाही सुचवते. आपल्याच स्टेशनावरून जाणारी लाइन लातूर रोड, उदगीर, भालकी करत बिदरला जाते. तिथे वजीर महमूद गावान यांनी १४७२ साली बांधलेला मदरसा आहे. इराणातून आलेल्या माणसाने दख्खनच्या पोरांसाठी उभा केलेला, निळ्या-हिरव्या फरशांचा. आणि बिदरी काम आहे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवतात आणि किल्ल्यातली जुनी माती लावून ते काळे करतात. त्या कारागिरीसाठी शाह रशीद अहमद कादरी साहेबांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. धंदा मोडला म्हणून बसलेल्या आपल्या पोरांनी आणि पोरींनी ते हात बघावेत. एवढे जमत नसेल तर अंबाजोगाईला चला. दासोपंतांची पासोडी तिथे आहे, चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ. शेजारच्या गावात कापडावर असे काही आहे हे कापसात जन्म गेलेल्या माझ्या अम्माला कधी कळले नाही.

सदर साहेब, एक शेवटचे. मंडपाच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे, नावे घेणे चालू आहे. ती वही आणि पेन जेवण वाढण्याआधी कनातीच्या पलीकडे पाठवा. मीच घेऊन जाते. पहिले नाव माझ्या खालाच्या मधल्या मुलीचे लिहीन, ती आज आली आहे. बाकीची नावे ज्याची त्याने लिहावीत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची मी लिहीन.

आता जेवायला चला. खुदा हाफिज, जय संविधान.