त्या जिवाणूला खायला काय घालायचं?

(तरुणांसाठीच्या विज्ञान शिबिरात केलेलं भाषण)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जीवशास्त्राचं पुस्तक शाळेनंतर कधी उघडलं नाही. तरी आज जिवाणूंवर बोलायला उभा आहे, त्याला कारण माझी भाची.

गेल्या वर्षी ती बारावी झाली. तिला बायोटेक्नॉलॉजी घ्यायची होती. दुल्हाभाईंनी मला बोलावलं. म्हणाले, ‘तू शिकलेला आहेस, तिला समजाव. कॉम्प्युटर घे म्हणावं, नोकरी तरी लागेल.’ मी समजवायला गेलो, तर तिनेच मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘आता जिवाणू बनवणार पेट्रोल!’ असा एक व्हिडिओ होता. ‘मामू, हे खरं आहे का?’

‘वाचून सांगतो’ म्हणालो. जे वाचलं ते आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट 2008 सालची. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स लियाओ, शोता अत्सुमी आणि ताइझो हानाई यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी ई. कोलाय हा जिवाणू घेतला. आपल्या आतड्यात राहतो, त्याच जातीचा, पण प्रयोगशाळेत वाढवला जाणारा निरुपद्रवी वाण. त्याच्याकडून त्यांनी आयसोब्युटेनॉल नावाचं इंधन करून घेतलं.

हे एक अल्कोहोल आहे. दचकू नका, हे प्यायचं नाही, जाळायचं आहे. आणि हा शब्दही मुळात अरबीच: ‘अल-कुह्ल’, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. आज आपल्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. आयसोब्युटेनॉलमध्ये ती चार पंचमांशाच्या आसपास असते, शिवाय ते इथेनॉलसारखं पाणी ओढून घेत नाही. म्हणून त्याच्यामागे लागायचं.

आता त्यांनी केलं काय? जिवाणू साखर खातो आणि तिच्यापासून प्रथिनांसाठी लागणारं व्हॅलीन नावाचं अमिनो आम्ल बनवतो. त्या वाटेवर एक मधला पदार्थ तयार होतो. संशोधकांनी तिथेच फाटा फोडला. चीजसाठी वापरल्या जाणाऱ्या एका जिवाणूचं जनुक घेतलं, पावाच्या यीस्टचं एक घेतलं, मातीतल्या एका जिवाणूचं एक घेतलं आणि तिन्ही ई. कोलायमध्ये बसवली. मग साखर दुसरीकडे पळवणारी जनुकं काढून टाकली. आम्ही लायब्ररीतले तयार फंक्शन उचलतो आणि नको ते कॉल बंद करतो, तसंच. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. नतीजा असा की एका लिटर द्रावणात वीस ग्रॅमहून जास्त आयसोब्युटेनॉल मिळालं. साखरेतून जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं, त्याच्या 86 टक्के.

मी खूश होऊन भाचीला फोन केला. ‘खरं आहे बेटा, व्हिडिओ खोटा नाही.’ तिने शांतपणे विचारलं, ‘मामू, पण त्या जिवाणूला खायला काय घालायचं?’

दोस्तहो, सगळं गाडं इथेच अडतं. हिशोब करून पाहा. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 74 ग्रॅम आयसोब्युटेनॉल होतं. बाकीचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातं. हा रसायनशास्त्राचा नियम आहे, कितीही हुशार कोड लिहा, तो बदलत नाही. म्हणजे एक लिटर इंधनाला जवळजवळ दोन किलो साखर, तीही काहीच वाया गेलं नाही तर! घरी येणाऱ्या साखरेचा भाव लावा, म्हणजे कळेल.

ही साखर येते कुठून, ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. ऊस म्हणजे पाणी. 2023 मध्ये पाऊस कमी झाला आणि डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर त्या हंगामापुरती बंधनं आणली. ताटातली साखर आणि टाकीतलं इंधन यांचं भांडण हे असं असतं.

दुसरी अडचण म्हणजे जिवाणू हा सर्व्हर नाही, जीव आहे. आयसोब्युटेनॉल त्याच्यासाठी विष आहे. प्रमाण वाढलं की तो स्वतःच्याच मालाने मरायला लागतो. म्हणून हजार लिटरच्या टाकीत वीस-बावीस किलो इंधन आणि बाकी पाणी, अशी स्थिती. ते वेगळं काढायला पुन्हा ऊर्जा खर्च होते. त्यात आपण बसवलेली जनुकं म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझं. चांगलं खाणंपिणं मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या पिढ्यांत एखाद्याने ते ओझं टाकून दिलं की तो जोमाने वाढतो आणि कामकरी मागे पडतात. आमचा कोड रात्रीतून स्वतःला पुसून टाकत नाही. यांचा पुसू शकतो.

मग सगळं फुकट गेलं का? नाही. लियाओंच्याच गटाने 2009 मध्ये प्रकाशावर जगणारा एक जिवाणू घेतला. कार्बन डायऑक्साइडपासून त्याने आयसोब्युटेनॉलच्या एक पायरी अलीकडचा पदार्थ बनवून दाखवला. साखर लागलीच नाही. चीनमध्ये 2018 पासून एका पोलाद कारखान्यातून निघणाऱ्या वायूवर जिवाणू पोसून इथेनॉल काढतात. त्यांनी मुळातच वायू खाणारा जिवाणू निवडला. म्हणजे ज्यांनी भाचीचा प्रश्न आधी विचारला, त्यांना वेगळी वाट सापडली.

मी पंधरा मिनिटं जनुकांवर भाळलो होतो. बारावीच्या मुलीने एका वाक्यात नेमकं जिथे अडतं तिथे बोट ठेवलं.

मी दुल्हाभाईंकडे परत गेलो. नोकरीचं मी खोटं सांगितलं नाही. या क्षेत्रात वेळ लागतो, पदवीनंतरही बरंच शिकावं लागतं, पगार माझ्यासारखा लवकर सुरू होत नाही, हे सगळं सांगितलं. आणि म्हटलं, ‘मी तिला समजवायला आलो होतो, पण तिनेच मला समजावलं. तिला जाऊ द्या.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘फी किती आहे, ते बघून सांग.’

ती आता पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, पेट्री डिशमध्ये जिवाणू वाढवले, पण बुरशी आली, सगळं फेकावं लागलं. मी म्हटलं, आमच्याकडे याला सोमवार म्हणतात.

तुमच्याही मोबाइलवर उद्या असा व्हिडिओ येईल. लगेच पुढे पाठवू नका, आणि लगेच हसूही नका. तीन गोष्टी विचारा: हे खातं काय, देतं किती, आणि वेगळं काढायला खर्च किती? उत्तर सापडलं नाही, तर ते शोधायचं काम तुमच्यापैकीच कुणीतरी करायला हरकत नाही.