डॉक्टर कुणाचा, कागद कुणाचा?

(सुरतेत मराठी पदवीधर मुलामुलींच्या एका बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं ‘शिक्षणानं मला काय दिलं’ या विषयावर बोलायला सांगितलंय. पण मी शिकलेली असूनही एका दिवशी काय केलं नाही, ते सांगणार आहे. इथं बसलेले बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत, म्हणून ते तुमच्या उपयोगी पडेल.

ऑक्टोबर 2021. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातले, राहायला लिंबायतला. आप्पा उधन्यातल्या एका लहान वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होते. सात कामगार. हिशोब आणि पॅकिंग शेठच्या नात्यातली माणसं बघायची, प्रेसवर तिघं, आणि तिघंही आमच्या वस्तीतले. यात नवं काही नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागायचा. कुणी कुठल्या मशीनवर उभं राहायचं हे जात तेव्हाही ठरवायची, आजही ठरवते.

त्या मंगळवारी डायमधून पत्रा काढताना प्रेस अचानक खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. शेठनं स्वतःच्या गाडीतून आप्पांना ओळखीच्या डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात नेलं. आम्हाला वाटलं, केवढा भला माणूस! तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं, अनामिका टाके घालून ठेवली. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात दिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, की घरी दरवाजात हात अडकून दुखापत झाली. मी ते वाचलं आणि मला कळलं. समोर डॉक्टर, शेजारी शेठ. मी कार्ड घडी करून पिशवीत ठेवलं. त्याच टेबलावर शेठनं स्टॅम्पपेपर पुढं केला, की 40 हजार मिळाले, यापुढं काही मागणी नाही. आप्पांचा डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. वाचता येत होतं म्हणून मला साक्षीदार केलं होतं, आणि विचारायची हिंमत होणार नाही हेही त्यांना ठाऊक असावं.

घरी आल्यावर दोन दिवसांत अनामिका काळी पडायला लागली. मी म्हटलं, सिव्हिलला जाऊ. आप्पा म्हणाले, “शेठनं सांगितलंय, त्यांच्याच डॉक्टरकडं जायचं. दुसरीकडं गेलो तर औषधाचे पैसे बंद.” आम्ही थांबलो. अजून एक दिवस गेला.

शेवटी शेजारची मावशी आली. ती सरकारी दवाखान्यात झाडू मारते, शाळा चौथीपर्यंत. तिनं पट्टी बघितली आणि माझ्यावर ओरडली, “कॉलेजात काय शिकवतात गं तुला? चल, केसपेपर काढ. आणि डॉक्टर विचारतील कसं झालं, तर आप्पांना मशीनचं नाव सांगू दे, वर्कशॉपचं नाव सांगू दे. एमएलसी करा म्हणावं.” सिव्हिलला पोलिसांत नोंद झाली, अपघात प्रेसवर झाला असं केसपेपरवर आलं. अनामिका मात्र वाचली नाही.

पुढं एका कामगार वकिलाकडून मी जे शिकले, ते आता नीट ऐका.

1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात ‘तपासणी’ आणि ‘उपचार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघाताची नोटीस दिल्यावर तीन दिवसांच्या आत मालकानं स्वतःच्या खर्चानं डॉक्टरकडून तपासणी करून देतो म्हटलं, तर कामगाराला जावं लागतं. नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. म्हणून तपासणीला जायचं. पण उपचार त्याच डॉक्टरकडं घ्यायचे, अशी सक्ती नाही. आपण पात्र डॉक्टरकडं नियमित उपचार घेत असलो आणि त्याचं सांगणं पाळत असलो, तर मालकाचा डॉक्टर सोडला म्हणून हक्क जात नाही. 2009 च्या दुरुस्तीनंतर उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडून मागता येतो, म्हणून प्रत्येक पावती जपा.

धोका असतो तो कुणाकडेच न जाण्यात. मालकाचा डॉक्टर विनाकारण नाकारला, दुसरीकडंही उपचार घेतले नाहीत आणि त्यामुळं दुखापत वाढली, तर वाढलेला भाग भरपाईत धरला जात नाही. शेठच्या वकिलानं नेमकं हेच मांडलं, की तिसरं बोट यांच्या हयगयीनं गेलं. आमचे ते तीन दिवस मोजले गेले. सिव्हिलच्या केसपेपरवरच्या तारखा आणि तिथल्या डॉक्टरांची साक्ष नसती, तर आम्ही तिथंच हरलो असतो.

एका बोटानं काय फरक पडतो? कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईच्या क्षमतेतली घट 20 टक्के, तीन गेली तर 30 टक्के. आप्पांचा पगार 10 हजार, वय 40. पगाराचे 60 टक्के म्हणजे 6 हजार, त्याला त्या वयाचा गुणांक 184.17. येतात 11 लाख 5 हजार 20 रुपये. त्याचे 20 टक्के म्हणजे 2 लाख 21 हजार 4, आणि 30 टक्के म्हणजे 3 लाख 31 हजार 506. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत तर टक्केवारीच डॉक्टर ठरवतो. मग तो डॉक्टर कुणी निवडला, हा किती मोठा प्रश्न आहे बघा.

अनुसूचीतला आकडाही शेवटचा नसतो. 1975 साली सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गमावलेल्या एका सुताराची कमाईची क्षमता 100 टक्के गेली असं मानलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांना नुसती जखम दाखवू नका, माणूस काय काम करत होता तेही सांगा.

आणि तो स्टॅम्पपेपर? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यानं रद्दबातल ठरतो. माझी सही वाया गेली. आयुष्यात एखादी सही वाया गेल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

जिथं दहा किंवा जास्त माणसं आहेत आणि पगार 21 हजारांपर्यंत आहे, तिथं सहसा ईएसआय लागू होतं. मग दावा 1923 च्या कायद्याखाली नाही, ईएसआयकडंच करायचा. तिथं उपचार ईएसआयच्या दवाखान्यात होतात, कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि ती पटली नाही तर अपील करता येतं. मालकाचा ओळखीचा डॉक्टर मधे येत नाही. हे आपोआप घडलेलं नाही. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. त्या काळात प्रा. बी. पी. अडारकरांकडं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं, 1944 ला त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून 1948 चा ईएसआय कायदा उभा राहिला. आता हे दोन्ही कायदे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. तपासणीचा तो तीन दिवसांचा नियम तिथंही आहे.

तर घरी गेल्यावर एवढं करा. वडील, भाऊ, काका कुठं कामाला आहेत, तिथं किती माणसं आहेत, ईएसआय नंबर आहे का, हे आजच वहीत लिहून ठेवा. अपघात झाला तर पहिल्या केसपेपरवर कसं झालं, कुठं झालं, हे खरं लिहिलंय का ते तिथंच वाचा. चुकीचं असेल तर दुरुस्त करायला सांगा. आवाज थरथरला तरी चालेल. दवाखान्याकडं नोंदी लेखी मागा, 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मालकाला लेखी नोटीस लगेच द्या. दाव्याची मुदत दोन वर्षं असली तरी तेवढं थांबू नका.

आमचा आदेश 30 टक्क्यांचा लागला, व्याजासह. आप्पा आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. पैसे घेताना सही करायची होती. आदल्या आठवड्यात ते माझ्या जुन्या अकाउंट्सच्या वहीत रोज रात्री डाव्या हातानं नाव गिरवत बसायचे. म्हणाले, “या कागदावर अंगठा नको.” साक्षीदार म्हणून आम्ही मावशीला घेतलं होतं. तिनं सही करायच्या आधी मला तो कागद दोनदा वाचून दाखवायला लावला.

जय भीम.