रोगाची अवस्था आणि रुग्णाचा पत्ता

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च आणि ताळेबंद आपल्यापुढे याआधीच सादर झालेला आहे. त्यातील आकड्यांची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. ज्या खर्चाला ताळेबंदात अद्याप स्वतंत्र रकाना नाही, अशा एका खर्चाविषयी आज आपल्याशी बोलावे, अशी अनुज्ञा अध्यक्ष महोदयांनी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय आहे मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा. आणि त्यातही एका प्रश्नाचा. एका प्रदेशातील रुग्ण या रोगाच्या आरंभी डॉक्टरांपर्यंत पोहोचतो आणि दुसऱ्या प्रदेशातील रुग्ण रोग पसरल्यावर पोहोचतो, असे का घडते? आम्ही प्रशासनातील माणसे वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हेत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून समजून घेऊनच येथे मांडत आहोत.

हा रोग बहुधा घाईने येत नाही. आतड्याच्या आतील अस्तरावर प्रथम एक लहानशी गाठ, म्हणजे पॉलिप, उगवते. अशा सर्वच गाठींचा कर्करोग होत नाही. परंतु ज्यांचा होतो, त्यांना साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. या काळात दुर्बिणीने तपासणी झाली, तर ती गाठ त्याच वेळी काढून टाकता येते आणि रोग होण्याआधीच टळतो. म्हणजेच निसर्गाने या रोगात माणसाला भरपूर मुदत दिलेली आहे. ती मुदत कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाची वाया जाते, हाच आजचा विषय आहे.

मुदत संपल्यावर काय होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेतील नोंदींनुसार, रोग आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असताना निदान झाले, तर पाच वर्षांनंतर शंभरातील सुमारे ९० रुग्ण हयात असतात. रोग जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेला असेल, तर हे प्रमाण सत्तरीच्या घरात येते. यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचला असेल, तर ते पंधराच्या आसपास उतरते. रोगाचे नाव तेच असते. फरक केवळ कोणत्या पायरीवर गाठले याचा असतो.

येथे हिशेबाची एक बाब सांगणे आवश्यक वाटते. प्रदेशाप्रदेशांची तुलना करताना दोन वेगवेगळी मापे वापरली जातात. एक माप म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे प्रगत अवस्थेतील रुग्ण किती, म्हणजे दर. दुसरे माप म्हणजे एकूण रुग्णांपैकी प्रगत अवस्थेतील किती, म्हणजे प्रमाण. एखाद्या प्रदेशात रोगच कमी असेल, तर पहिला आकडा लहान दिसतो आणि मनाला समाधान वाटते. पण त्याच प्रदेशातील बहुसंख्य रुग्ण उशिरा येत असतील, तर दुसरा आकडा ते समाधान टिकू देत नाही. केवळ एकच माप पाहणे म्हणजे जमेची बाजू वाचून खर्चाची बाजू मिटून ठेवण्यासारखे आहे.

आता अमेरिकेतील एका प्रदेशाचे उदाहरण घेऊ. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातील कापूस पिकवणारा, मोठी कृष्णवर्णीय वस्ती असलेला भाग ‘डेल्टा’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील ९४ काउंट्यांची नोंद आहे. १९७० ते १९७२ या काळात या भागातील आतड्याच्या कर्करोगाचा मृत्युदर देशातील इतर भागांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता. २००९ ते २०११ या काळात तोच ४० टक्क्यांनी अधिक झाला. म्हणजे चाळीस वर्षांत परिस्थिती पूर्णपणे उलटली. आहार, तंबाखू आणि वाढते वजन यांचा त्यात वाटा आहेच. परंतु त्याच चाळीस वर्षांत उर्वरित देशात वेळेवर तपासणी आणि सुधारित उपचार पोहोचले. डेल्टात ते उशिरा आणि अपुरे पोहोचले. जे मूळचे दुर्बल होते ते मागेच राहिले आणि इतर पुढे गेले. वैद्यकशास्त्राची प्रगती जर सर्वांपर्यंत पोहोचली नाही, तर ती प्रगतीच नवी विषमता निर्माण करते, हे या उदाहरणातून दिसते.

परंतु अशी विषमता दूर करता येते, हे त्याच देशातील डेलावेअर या लहानशा राज्याने दाखवून दिले. २००० साली या राज्याची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत होती. तेथील कृष्णवर्णीय नागरिकांना हा कर्करोग अधिक होई, त्याचे निदान उशिरा होई आणि मृत्यूही अधिक होत. २००२ सालापासून राज्याने विमा नसलेल्या, अल्प उत्पन्नाच्या नागरिकांच्या दुर्बीण तपासणीचा खर्च स्वतःकडे घेतला. तपासणीत रोग आढळला, तर पुढील उपचारांसाठी पैसे कोठून आणायचे, ही भीती माणसाला तपासणीपासूनच दूर ठेवते. म्हणून २००४ पासून विमा नसलेल्यांच्या उपचारखर्चाची योजनाही सुरू केली. आणि तिसरी गोष्ट अशी की, रुग्णालयांमध्ये मार्गदर्शक परिचारिका नेमल्या. तपासणीची वेळ ठरवणे, पूर्वतयारी समजावून सांगणे, येण्याजाण्याची सोय पाहणे आणि जो आला नाही त्याचा शोध घेणे, हे त्यांचे काम होते.

या कार्यक्रमाचे निष्कर्ष डॉ. स्टीफन ग्रब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केले. २००२ मध्ये पन्नाशीपुढील कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांची तपासणी झालेली होती. २००९ मध्ये हे प्रमाण ७४ टक्के झाले आणि गौरवर्णीयांचे प्रमाणही तेवढेच होते. कृष्णवर्णीय रुग्णांपैकी आतड्याबाहेर पसरलेल्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचे प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. त्यांच्यातील मृत्युदर ४२ टक्क्यांनी घटला आणि दोन्ही समाजांमधील अंतर जवळजवळ मिटले. शस्त्रक्रियेची नवी पद्धत तेथे शोधली गेली नव्हती, की कोणते नवे औषधही सापडले नव्हते. माणसे तीच, रोगही तोच. केवळ वाट मोकळी केली गेली.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता, रोग टळल्यामुळे आणि लवकर सापडल्यामुळे उपचारांच्या खर्चात वर्षाला सुमारे ८५ लाख डॉलरची बचत झाली, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. विमा नसलेल्यांच्या तपासणीवर होणारा वार्षिक खर्च त्याहून पुष्कळच कमी होता. आम्ही लेखापालनात ‘पुढे ढकललेले देणे’ म्हणतो, तसा हा प्रकार आहे. आज न केलेला तपासणीचा खर्च नाहीसा होत नाही; तो व्याजासह पुढील पानावर येतो, आणि ते व्याज रुग्णाच्या कुटुंबाला भरावे लागते.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. डेलावेअरचा कार्यक्रम जसाच्या तसा येथे आणावा, असे आमचे म्हणणे नाही. भारतात या रोगाचा दर अमेरिकेच्या मानाने कित्येक पटींनी कमी आहे. त्यामुळे विशिष्ट वयापुढील प्रत्येकाची दुर्बीण तपासणी करणे येथे व्यवहार्य नाही. २०१६ साली केंद्र शासनाने तपासणीची जी रूपरेषा आखली, ती मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची आहे आणि त्यामागे सबळ कारण आहे. परंतु दर कमी असल्यामुळे रुग्णाच्या, आणि कित्येकदा डॉक्टरांच्याही, मनात या रोगाची शंका लवकर येत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षे होते. हे वय घर चालवण्याचे, मुलांच्या शिक्षणाचे वय आहे. ‘हा म्हातारपणाचा आजार’ ही समजूत आपल्याकडे धोकादायक ठरते, ती यामुळेच.

आपल्या महाराष्ट्रात कर्करोगाच्या नोंदणीची मोठी परंपरा आहे. लोकसंख्येवर आधारित देशातील पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन नोंदी तर घेतल्याच; शिवाय लोकांशी रोगाच्या लक्षणांविषयी बोलणे सुरू केले. पुढे तेथील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे त्या नोंदींतून दिसून आले. रोग निराळा असला, तरी त्यातून मिळणारा धडा आपल्यालाही लागू पडतो. यंत्रसामग्रीच्या आधी संवाद पोहोचला, तरी अवस्था बदलते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात दूरच्या तालुक्यातून येणाऱ्या रुग्णाची वाट कशी असते, हे आपण जाणून घ्यावे. शौचावाटे रक्त जाऊ लागते. ‘मूळव्याध असेल’ असे घरातील वडीलधारी सांगतात. बाजारपेठेत मूळव्याध-भगंदराचे फलक ठिकठिकाणी असतातच. तेथे चूर्ण, मलम, इंजेक्शन असे काही महिने जातात. सुगी, मुलीचे लग्न, मुलाची परीक्षा यांत आणखी काही महिने. संकोच असतो, तो स्त्रियांच्या बाबतीत अधिक. अखेर कोणीतरी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास सांगते आणि आमचे डॉक्टर दुर्बीण तपासणी लिहून देतात.

येथे एक अडचण अशी उभी राहते, जी शहरातील माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. या तपासणीसाठी आदल्या संध्याकाळपासून पोट साफ करणारे औषध पाण्यातून घ्यावे लागते आणि वारंवार शौचास जावे लागते. ते औषध घेऊन पहाटेच्या एस.टी.त तीन-चार तास बसणे अशक्य आहे. म्हणजे रुग्णाला आदल्या दिवशीच शहरात येऊन, जवळ शौचालय असलेल्या जागी रात्र काढणे भाग आहे. सोबत एक माणूस हवा. दोघांचे भाडे, दोघांच्या दोन-तीन दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा भार आणि लॉजचे पैसे. तपासणी सवलतीत झाली, तरी ही रक्कम सुटत नाही. मग तारीख पुढे जाते. आणि काही वेळा रुग्ण येतो तो आतड्याचा मार्ग बंद होऊन, पोट फुगलेल्या अवस्थेत, रात्रीच्या रुग्णवाहिकेतून.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार धर्मादाय रुग्णालये निर्धन रुग्ण निधी राखतात आणि निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा ठेवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया व औषधोपचारांचा भार हलका होतो. या तरतुदी मोलाच्या आहेत. परंतु त्या रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतरच्या आहेत. आदल्या रात्रीची खाट आणि सोबत्याचे तिकीट कोणत्याही बिलात येत नाही. आणि रोगाची अवस्था पुष्कळदा तेथेच ठरते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची नम्र विनंती अशी की, येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ‘निदानपूर्व साहाय्य’ हे स्वतंत्र खाते उघडावे. त्यातून तीन गोष्टी व्हाव्यात : दूरच्या रुग्णासाठी व त्याच्या सोबत्यासाठी आदल्या रात्रीची शौचालयासह निवासाची सोय, दोघांचा प्रवासखर्च, आणि एक मार्गदर्शक परिचारिका, जी तपासणी ठरलेल्या प्रत्येक रुग्णाशी दूरध्वनीवर बोलेल आणि न आलेल्याची चौकशी करील. याबरोबरच या रोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तालुका, पहिले लक्षण दिसल्याचा महिना आणि निदानसमयीची अवस्था यांची नोंद व्हावी; आणि तो तक्ता, आपल्याला अनुकूल असो वा नसो, पुढील अहवालात ताळेबंदाशेजारी छापावा. कोणत्या तालुक्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, हे देणगीदारांना आमच्याकडूनच कळावे.

देणगीदार बंधु-भगिनींनो, यंत्रावर किंवा कक्षाच्या दारावर आपला नामफलक लावता येतो, एस.टी.च्या तिकिटावर तो लावता येत नाही. तरीही या खात्यास आपण आपल्या दानातील काही वाटा द्यावा, अशी प्रार्थना आहे. यंत्रे आपण दिलीत, म्हणूनच त्यांच्यापर्यंत रुग्ण वेळेवर यावा, ही इच्छाही आपलीच असणार.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एवढेच सांगावयाचे आहे की, शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारणाविना घटणारे वजन किंवा वाढत जाणारा रक्तक्षय दिसल्यास मूळव्याध समजून थांबू नका. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली दोन मिनिटांची तपासणीदेखील गुदाशयातील पुष्कळशा गाठी ओळखू शकते. कुटुंबात कोणाला हा रोग झाला असेल, तर भावंडांनी व मुलांनी लक्षणांची वाट न पाहता सल्ला घ्यावा. संकोच आमच्या दाराबाहेर ठेवून या.

माणसाचा पत्ता बदलणे आपल्या हाती नाही. परंतु त्या पत्त्यावरून त्याच्या रोगाची अवस्था ठरू नये, एवढे आपण सर्व मिळून निश्चित करू शकतो. प्रशासन विभागाच्या वतीने हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ सादर करतो.