जडीबुटी आणि आपलं लिव्हर

(महाल, नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावाचं बोलून झालं. आता थोडा वेळ घरातल्या माणसांच्या जिवाबद्दल बोलायचं आहे.

महालात बाजाराला आलेला माणूस बी-बियाण्याबरोबर एखादी चूर्णाची पुडीही पिशवीत टाकतो. सांधेदुखीची, शुगरची, काविळीची. यात काय आहे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जंगलातली जडीबुटी आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान नाही."

शहरातल्या माणसाने हे मानलं तर समजू शकतो. शेतकऱ्याने कसं मानावं? पावसाने ताण दिला की कोवळी ज्वारी बैलाला कोणी चारतं का? त्या पानांतून सायनाइडचं विष तयार होतं आणि उभा बैल आडवा होतो. तीच ज्वारी पिकली की आपली भाकर आणि त्याचा कडबा. सरकी मोठ्या जनावराला चालते. लहान वासराला जास्त घातली तर तिच्यातलं गॉसिपॉल बाधतं. दोन्ही नैसर्गिकच आहेत ना? प्रश्न असतो तो कोणाला, किती आणि किती दिवस.

पोटातून रक्तात जे उतरतं ते आधी लिव्हरकडे जातं. चांगलं-वाईट निवडण्याचं काम त्याचं. त्यामुळे पहिला मारही तेच खातं.

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्ण पाहिले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती, सगळ्यांच्या लिव्हरला सूज होती. 2021 साली हे छापून आलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, वनस्पती नीट ओळखलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढे 2022 साली देशातल्या 13 केंद्रांमधून असे 43 रुग्ण नोंदले गेले. आणि समजा वेल दुसरीच होती, तरी काढा पिणाऱ्याला ते कसं कळणार? बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही.

आपली हळदच घ्या. वरणातली चिमूटभर हळद वेगळी. तिचा अर्क काढून, तो अंगात जास्त मुरावा म्हणून मिऱ्याचा अर्क घालून केलेली गोळी वेगळी. 2019 साली इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण निघाले.

मी आयुर्वेदाला शिव्या द्यायला उभा नाही. पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर तेही लिव्हर निकामी करतं. पण त्याच्या पाकिटावर नाव, वजन, तारीख असते. पुडीवर काय असतं? सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. 2008 साली अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तर सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

मग काविळीचा वैदू प्रसिद्ध कसा होतो? दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय पुडीला जातं. जो दगावतो, तो वैदूचं नाव सांगायला परत येत नाही.

तर घरी जाऊन एवढं करा. भूक मेली, मळमळ सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तर चूर्ण-काढा त्याच दिवशी बंद. दारूही बंद. पुडी, बाटली बरोबर घेऊन मेडिकल, मेयो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि काय काय घेतलं ते न लाजता सांगा. लिव्हरची रक्ततपासणी करा. माणूस बरळू लागला किंवा सारखा झोपू लागला तर एक तासही थांबू नका. डॉक्टरने दिलेल्या टीबी-शुगरच्या गोळ्या मात्र मनाने सोडू नका.

बियाणं घेताना पक्कं बिल आणि लॉट नंबर मागायला आपण शिकलो. बियाणं बोगस निघालं तर एक हंगाम जातो. पुडी बोगस निघाली तर घरचं माणूस जातं. मग बिल तिथेच का मागायचं नाही?