विणकामाचा हिशेब : नाताळच्या भेटी आणि थंडीचे कपडे

(नाशिक परिसरातील बचत गटांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

नाताळ आणि थंडी डोळ्यांसमोर ठेवून काय विणावं, हा विषय तुम्ही मला दिलात. ते सांगतेच. पण आधी एक विचारते. घरच्यांसाठी स्वेटर कितीजणींनी विणलाय? जवळजवळ सगळ्यांचे हात वर आहेत. त्या स्वेटरला किती तास लागले, हे कोण सांगेल? आता एकही हात वर नाही. आपण लोकरीचा भाव सांगू शकतो, टाके किती घातले ते सांगू शकतो, पण तास मोजलेलेच नसतात. आपल्या कामाला 'फावल्या वेळातलं' म्हणतात, आणि आपणही तसंच म्हणतो.

मारिया मीस या अभ्यासक बाईंचं आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक १९८२ साली निघालं. एम.एस.डब्ल्यू. करताना मी ते वाचलं. तिथे क्रोशाची लेस एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवली. पुढे ती परदेशी बाजारात जाऊ लागली. व्यापाऱ्यांकडून दोरा यायचा आणि बाया घरी बसून नगावर विणायच्या. घरकाम सांभाळून रोज सहा-आठ तास हे काम चाले. तरी त्यांना कामगार कुणी म्हणेना. 'गृहिणी आहेत, रिकाम्या वेळात विणतात', एवढ्या एका वाक्यावर त्यांची मजुरी तळाला राहिली आणि निर्यातदार मोठे झाले. आपल्याला ते टाळायचं आहे. म्हणून काय विणायचं, हे ठरवतानाच हिशेब धरू या.

पहिली गोष्ट, मोठ्यांचे स्वेटर विकण्यासाठी विणू नका. लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर दर हिवाळ्यात आपल्या शहरांत येतात, तिबेटी विक्रेते रस्त्यावर मांडून बसतात. त्या भावाशी हाताचं काम टक्कर देऊ शकत नाही. कुणी मापं देऊन, भाव आधी ठरवून मागितला तरच घ्या. ज्या वस्तूला तास कमी लागतात आणि हाताची कारागिरी लगेच दिसते, तीच आपली वस्तू.

थंडीसाठी मफलर आणि कानटोपी घ्या. मफलरला ४ नंबरच्या जाड सुया आणि दुहेरी लोकर वापरा. सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड, हे नव्या मुलींना सांगायला हवं. सगळे सुलटे टाके घातले तरी चालतं, वीण फुगीर येते, कडा वळत नाहीत आणि काम लवकर उरकतं. बाळासाठी टोपी-मोज्यांचा संच बारशाला, बाळंतविड्यात नेहमी लागतो. त्याला मऊ लोकर घ्या. गळ्याशी लांब नाडी आणि सैल बटणं नकोत, बाळाच्या जिवाला धोका असतो.

नाताळसाठी क्रोशाच्या चांदण्या करा. पांढऱ्या सुती दोऱ्याच्या करून साबुदाण्याची खळ दिली की ताठ राहतात. ख्रिस्ती घरांत गोठा मांडतात, त्यासाठी छोटी मेंढरं विणता येतील. वसईत, गोव्यात नाताळचा फराळ शेजारी पाठवतात, त्या ताटावर झाकायला क्रोशाचा रुमाल चांगला जाईल. गरम भांडं धरायचे चौकोन मात्र सुती दोऱ्याचेच करा. कॅश्मिलॉन उष्णतेनं वितळतं, हात भाजेल. नाताळचा माल नोव्हेंबरात दुकानात पोचायला हवा, म्हणजे ऑगस्टमध्ये सुया हातात पाहिजेत.

आता भाव. आकडे उदाहरणादाखल घेते, तुमच्या बाजारातले तुम्ही घाला. बाळाच्या संचाला लोकर, रिबीन, पिशवी मिळून ६० रुपये आणि सात तास लागले असं धरा. १५० रुपयांना विकला तर हातात ९० उरले. तासाला तेरा रुपयेही पडले नाहीत! तासाचे किमान ४० धरले, तर किंमत ३४० होते. गिऱ्हाईक म्हणेल, 'फार महाग'. अशा वेळी मजुरी कापू नका, वस्तू बदला. चार चांदण्यांना मिळून ऐंशी मिनिटं लागली, तर मजुरी साधारण ५३, दोरा-खळ १२, म्हणजे ६५ रुपये. त्याच दरानं मजुरी सुटते आणि भेट म्हणून ही किंमत कुणाला जड वाटत नाही.

घाऊक काम देणारा येईल तेव्हा चार गोष्टी पाळा. नमुना एकीनं घड्याळ लावून विणायचा आणि त्यावरून नगाचा दर ठरवायचा. लोकर वजन करून घ्यायची, उरलेली वजन करूनच परत द्यायची. कोणता नग नापास, हे आधी लिहून घ्यायचं. आणि दर गटानं बोलायचा, एकटीनं नाही. शेजारची दोन रुपये कमी घेते असं कळलं की सगळ्यांचाच दर पडतो. दर अर्ध्या तासानं सुया खाली ठेवून मान, मनगटं मोकळी करा, तोही वेळ मजुरीत धरा.

घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा ठराव आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाच्या करारात केला. आपल्या देशानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपल्याला लावून धरायची आहे. पण सरकारपुढे जायचं तर पुरावा लागतो. आपण किती तास राबतो, काय मिळतं, हे आपल्याच वहीत नसेल तर कुणाला दाखवणार?

म्हणून आजच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून उठू या. प्रत्येक गटानं दोनच वस्तू निवडायच्या. प्रत्येकीनं रोज किती वेळ विणलं ते वहीत लिहायचं, लिहिता येत नसेल तिनं रेघा ओढायच्या. आणि तासाचा एक दर सगळ्या गटांनी मिळून ठरवायचा, त्याखाली कुणी जायचं नाही. तिसऱ्या मुद्द्यावर वाद होईल, व्हायला हवा. जिच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे, तिला थांबणं परवडत नाही. तिला गटातून उचल देता येईल का, याचाही विचार त्याच वेळी करा.

एवढं बोलून थांबते. आता चर्चेला सुरुवात करू.