फ्रीझ: रिकामी गोदी, सोळा जण आणि कॅटलॉगचं बिल

आजचा भाग एका चित्रप्रदर्शनाबद्दल आहे. ते भरलं १९८८ साली, लंडनमध्ये. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या रूपात तुमच्या कानावर आली असेल, कारण आमच्या स्टार्टअपवाल्यांना ती फार आवडते. आर्ट कॉलेजची काही पोरं एक रिकामी इमारत मिळवतात, कुठल्याही गॅलरीची वाट न बघता स्वतःच प्रदर्शन लावतात आणि पुढे जगप्रसिद्ध होतात. तात्पर्य काय, तर परवानगी मागू नका, करून टाका. टाळ्या.

गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातलं एक पान दरवेळी गाळलं जातं, आणि मला त्या पानाबद्दल बोलायचंय.

आधी झालं काय ते बघू. लंडनला गोल्डस्मिथ्स नावाचं कॉलेज आहे. तिथल्या कला विभागानं चित्रकला वेगळी, शिल्पकला वेगळी ही विभागणीच काढून टाकली होती. आपल्याकडे कसं, तू पेंटिंगचा, तू स्कल्प्चरचा, असा शिक्का बसतो. तिथं तसं नव्हतं. मायकल क्रेग-मार्टिन हे तिथले नावाजलेले शिक्षक. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक डेमियन हर्स्ट. दुसरं वर्ष नुकतं संपलेलं. प्रदर्शनाचा पुढाकार त्यानं घेतला. त्याच्यासकट सोळा जण: काही अजून शिकत होते, काही नुकतेच पास होऊन बाहेर पडलेले. सगळे विशीतले.

जागा मिळाली सरे डॉक्समध्ये. थेम्सकाठची ही जुनी गोदी १९७० साली बंद पडली होती आणि तिथली पोर्ट ऑथॉरिटीची एक इमारत रिकामी उभी होती. मुंबईकरांनी माझगाव-शिवडीकडची गोदामं डोळ्यासमोर आणावीत. पोरांनी झाडलोट केली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि ऑगस्टमध्ये प्रदर्शन उघडलं. नाव 'फ्रीझ'.

हे नाव आलं मॅट कॉलिशॉच्या 'बुलेट होल' या कामावरून. डोक्यावरच्या एका जखमेचा फोटो प्रचंड मोठा करून पंधरा लाइटबॉक्सवर तुकड्या-तुकड्यांत लावलेला. मागून उजेड. लांबून जखम दिसते. जवळ गेलात तर नुसते केस आणि लाल मांस, काय बघतोय तेच कळत नाही. आता गंमत ऐका. फोटो पॅथॉलॉजीच्या पुस्तकातला होता, आणि ती जखम गोळीची नव्हतीच. बर्फ फोडायच्या टोच्याची होती. म्हणजे आपण बघतो ते चित्र, आणि शीर्षक वाचून मनात ठोकून देतो ती बंदूक. मला हे काम आजही भारी वाटतं.

अन्या गॅलाच्चिओनं जमिनीवर वितळलेलं शिसं ओतलं. थोडंथोडकं नाही, टनभर. सायमन पॅटरसननं कॅनव्हासवर प्रसिद्ध माणसांची फक्त नावं छापली, चेहरा तुम्ही आठवायचा. खुद्द हर्स्टचं काय, तर पुठ्ठ्याचे खोके घरगुती रंगानं रंगवून भिंतीवर चढवलेले. फोटोत तरी ते मला साफ कंटाळवाणे वाटतात. प्रदर्शन चालू असतानाच त्यानं थेट भिंतीवर रंगीत ठिपके काढले. ते ठिपके तुम्ही मोबाइल कव्हरवरही पाहिले असतील.

गर्दी काही झाली नाही. जागा आडबाजूला होती. पण रॉयल अकॅडमीच्या नॉर्मन रोझेंथल यांना हर्स्ट स्वतः गाडीनं घेऊन आला. चार्ल्स साची हे जाहिरात क्षेत्रातलं बडं प्रस्थ आणि मोठे संग्राहक, तेही येऊन गेले. साचींची गॅलरी १९८५ साली एका जुन्या रंगाच्या कारखान्यात उघडली होती. उंच छत, पांढऱ्या भिंती, ऐसपैस जागा. या पोरांनी ती पाहिलेली होती आणि 'फ्रीझ'ची मांडणी तशीच केली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरासारखंच दुकान सजवलं! ही हुशारी मानायलाच हवी. नऊ वर्षांनी, १९९७ मध्ये, साचींचा संग्रह रॉयल अकॅडमीत 'सेन्सेशन' नावानं लागला. तिथं 'बुलेट होल' होतं आणि प्रदर्शनामागे रोझेंथल होते.

आता ते गाळलेलं पान.

'फ्रीझ'चा कॅटलॉग बघितला तर विद्यार्थ्यांचा आहे यावर विश्वास बसत नाही. व्यावसायिक डिझायनर, आत समीक्षकाचा लेख. हे सगळं पॉकेटमनीतून होत नाही. पैसे आले लंडन डॉकलंड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाकडून आणि ऑलिंपिया अँड यॉर्क या बिल्डरकडून. महामंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं ते बंद गोद्यांचा पुनर्विकास करायला, आणि ऑलिंपिया अँड यॉर्क म्हणजे तिथं कॅनरी वॉर्फचे टॉवर उभारणारी कंपनी. ओसाड भागात काहीतरी घडतंय असं दिसणं दोघांच्याही सोयीचं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर गिरणीच्या जमिनीवर टॉवर येण्याआधी तिथं चित्रं लागली.

दुसरं त्याहून मोठं. १९८८ साली ब्रिटिश विद्यार्थ्याला पदवीची फी स्वतः भरावी लागत नव्हती. वर घरचं उत्पन्न बघून राहण्या-खाण्यासाठी अनुदान मिळायचं, आणि ते परत करायचं नसायचं. कॉलेजची फी तिकडे सुरू झाली १९९८ मध्ये. सुट्टीत भिंती रंगवत बसलेल्या या पोरांच्या डोक्यावर फीच्या कर्जाचा ईएमआय नव्हता. हिंमत त्यांची होतीच हो. पण त्या हिमतीचं भाडं आधीच कुणीतरी भरलं होतं.

आता आपल्याकडचा ग्रुप शो घ्या. हॉलचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणं, उद्घाटनाचा चहा. चार-सहा जण गणपतीसारखी वर्गणी काढतात. जहांगीरचा हॉल हवा असेल तर नंबर लागायला वर्षं जातात. शेवटच्या दिवशी चित्रं गुंडाळून घरी आलं की पहिला प्रश्न, "विकलं का काही?" आमच्या आयटीत यूआय डिझायनर म्हणून भेटणारे बरेच जण मूळचे आर्ट स्कूलचे असतात. त्यांना हिंमत कमी पडली, असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

गोल्डस्मिथ्सचा एक धागा इकडेही पोचतो. बोस कृष्णमाचारी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, मग गोल्डस्मिथ्सला. त्यांनी आणि जे. जे.च्याच रियाज कोमू यांनी २०१२ मध्ये कोची-मुझिरिस बिएनाले उभी केली. जागा कुठली, तर बंदराकाठची जुनी व्यापारी गोदामं आणि वखारी. २०१४ पासून तिच्या जोडीला स्टुडंट्स बिएनाले भरते, देशभरातल्या कला महाविद्यालयांतल्या मुलांच्या कामाची. पण इथं केरळ सरकारचा पैसा उघडपणे मागे उभा होता, आणि त्यावरून वादही उघडपणेच झाले. मला तो वाद बरा वाटतो. निदान बिल कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यांना दिसतं.

तुमच्यापैकी कुणी नुकताच ग्रुप शो केला असेल तर खर्चाचा आकडा आणि तो कसा जमवला ते मला नक्की पाठवा. नाव नको असेल तर घेणार नाही. पुढच्या भागात ते आकडे वाचून दाखवतो. भेटू.